पुढे उजेड, मागे अंधार

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारा रस्ता मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे घेत पुढे जातो. वाटेत कुठे मिठागरे, कुठे खाजण, तर कुठे रस्त्याला अगदी चिकटून घरे. पहाटे उत्तनची मासळी आणि त्या पट्ट्यातली भाजी घेऊन टेंपो, पिकअप याच रस्त्याने बाजार गाठतात. अशा वेळी तुम्ही मुर्ध्याजवळ रस्त्याच्या कडेने चालला आहात असे समजा. समोरून एक पिकअप येते. तिचे मूळचे दोन दिवे पेटलेले, बंपरवर आणखी दोन, आणि टपावर एलईडीची लखलखती पट्टी. क्षणभर तुम्हाला रस्ता दिसत नाही, कडेचे गटार दिसत नाही, स्वतःचे पायही दिसत नाहीत. गाडी निघून जाते. तिच्या मागून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मात्र एकही लाल दिवा नाही.

पुढचे पाठ, मागचे सपाट ही म्हण आपण शाळेतल्या पोरांना लावतो. आज ती आपल्या वाहनांना लावायची वेळ आली आहे.

जादा दिवे लावणारा शेतकरी हौसेपोटीच लावतो असे मात्र नाही. जिथे रस्त्यावर दिवे नाहीत, पावसाची झड लागली आहे, मूळच्या दिव्याची काच पिवळी पडली आहे, तिथे माणूस काय करणार? उजेडाची गरज खरी आहे. चूक होते ती दिवा निवडताना, जोडताना आणि रोखताना. या तीन चुका टाळल्या तर तोच दिवा उपयोगाचा. नाही तर तो दुसऱ्याच्या जिवावर उठतो आणि कधी कधी स्वतःच्या गाडीवरही.

पहिली गोष्ट वायरिंगची. गॅरेजमध्ये सर्रास काय होते? ‘अर्ध्या तासात करून देतो’ म्हणत हेडलाईटची वायर सोलली जाते, तिथेच नव्या दिव्याची वायर पिळली जाते आणि वर काळी टेप. दिवा पेटला की मालक खूश. पण हिशेब करून पाहा. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ते नऊ अँपिअरहून जास्त करंट ओढतात. कारखान्यातून आलेली वायर आणि हेडलाईटचा स्विच हे मूळच्या दिव्यांपुरतेच असतात. त्यांच्यावर हा दुप्पट भार टाकला की स्विच तापतो, प्लास्टिक वितळते, आणि एके रात्री भर रस्त्यात सगळेच दिवे जातात. नशीब फिरले तर वायर पेट घेते.

यावर उपाय महाग नाही. त्याला रिले म्हणतात. रिले म्हणजे पाटाचे दार समजा. दार उघडायला एका हाताचे बळ पुरते, पाणी मात्र पाटातूनच वाहते. तसे डॅशबोर्डवरच्या स्विचमधून रिलेपुरता किरकोळ करंट जातो आणि दिव्याचा मोठा करंट बॅटरीतून रिलेमार्गे थेट दिव्याला मिळतो. चार पिनांच्या रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीची वायर, ८७ वरून दिव्याला, ८६ वर स्विचची वायर आणि ८५ बॉडीला अर्थ. एवढे पाठ करून गॅरेजला जा आणि काम होईपर्यंत तिथेच उभे राहा.

बॅटरीच्या वायरवर फ्यूज हवाच, आणि तोही बॅटरीपासून वीतभर अंतरात. कारण फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासून बॉडीला लागली तर तिला वाचवणारे कुणी नसते. वर सांगितलेल्या दोन दिव्यांना १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. तो वारंवार उडत असेल तर दोष शोधा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे म्हणजे बांध फुटला म्हणून बांधच काढून टाकण्यासारखे आहे.

वायर जाड घ्या, २.५ चौरस मिलिमीटरची. ‘बारीक वायरनेही दिवा पेटतो की,’ असे सांगणारे भेटतील. पेटतो, पण कसा? ०.७५ चौरस मिलिमीटरची चार मीटर वायर टाकली तर वाटेतच जवळजवळ एक व्होल्ट खर्ची पडतो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा वेगाने घटतो, त्यामुळे साधारण चौथा हिस्सा उजेड वायर तापवण्यातच जातो. पैसे दिव्याला मोजले आणि उजेड वायरने खाल्ला, अशी गत. एलईडी दिवे करंट कमी घेतात हे खरे, म्हणून त्यांना फ्यूज लहान लागतो. पण फ्यूज नको, रिले नको, काहीही चालते, असा त्याचा अर्थ नव्हे. आणि खोक्यावर छापलेल्या वॅटवर विसंबू नका. मीटर लावून अँपिअर मोजून घ्या.

आपल्या खाडीकाठच्या गावांना आणखी एक पथ्य आहे. इथली हवा खारी. नुसत्या टेपखालच्या जोडाला एका पावसाळ्यात हिरवा कळंक चढतो आणि दिवा लुकलुकू लागतो. म्हणून जोड पिळू नका, थिंबल दाबून बसवा, त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा आणि टोकांना ग्रीस लावा. अर्थची वायर रंगावर कसू नका. रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर कसा. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी बुश घाला, कारण बहुतेक वायरी तिथेच कापल्या जातात.

दुसरी गोष्ट दिव्याच्या जागेची. पावसात टपावरचा दिवा कामाचा नाही. उंचावरून पडणारा झोत पावसाच्या थेंबांवर आणि बॉनेटवर आदळून चालवणाऱ्याच्याच डोळ्यात परततो. पावसासाठी रुंद, पसरट झोताचा दिवा बंपरजवळ, हेडलाईटच्या खाली हवा. लांब फेकीच्या दिव्याची स्विचची वायर हेडलाईटच्या अप्परच्या वायरवरून घ्या. म्हणजे समोरून कुणी आले आणि तुम्ही डिपर मारला की जादा दिवाही आपोआप विझेल. ही एक वायर योग्य ठिकाणाहून घेतली तर निम्मा प्रश्न सुटतो.

मग दिवा रोखण्याचे काम. सपाट जागेत भिंतीपासून आठ मीटर, म्हणजे सुमारे पंचवीस फुटांवर गाडी उभी करा. दिव्याचा मध्य जमिनीपासून जेवढ्या उंचीवर आहे तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ ओढा. पसरट दिव्याच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या चार-पाच बोटे खाली पडली पाहिजे. हे गाडी भरलेली असताना करा. मागे माल चढला की गाडीचे तोंड वर होते, आणि रिकाम्या गाडीत बरोबर बसलेला झोत भरल्या गाडीत समोरच्याच्या डोळ्यात जातो.

कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ प्रमाणे पुढच्या दिव्याचा झोत असा खाली वळलेला हवा की आठ मीटरवर दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाचे डोळे दिपू नयेत. दीड मीटर म्हणजे रस्त्याने चालणाऱ्या आपल्या आयाबहिणींच्या डोळ्यांची उंची, हे ध्यानात घ्या. नियम १११ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय वाहनाच्या पुढे स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट लावता येत नाही. तेव्हा बाजारात मिळते म्हणून ते कायदेशीर, हा समज सोडा. ट्रॅक्टरच्या मागे नांगरणीसाठी लावलेला पांढरा दिवा शेतात लाखमोलाचा, पण रस्त्यावर चाक लागले की तो बंद झालाच पाहिजे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत स्वस्त. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी रात्री बैलगाडी निघाली की गाडीखाली कंदील टांगलेला असे. त्या मिणमिणत्या उजेडात गाडीवानाला कितीसा रस्ता दिसणार? तो कंदील मुख्यतः दुसऱ्याला गाडी दिसावी म्हणून होता. दिवा आपल्याला दिसण्यासाठी असतो तसाच आपण दिसण्यासाठीही असतो, हे अक्षरशत्रू गाडीवानाला कळत होते. आज ट्रॉली घेऊन निघणाऱ्याला हे कळत नाही असे कसे म्हणावे? उसाच्या पट्ट्यात गाळप हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा निघतात, त्या उगाच नव्हेत. मागे दोन लाल दिवे, दोन लाल रिफ्लेक्टर आणि चकाकणारी पट्टी. टपावरच्या एलईडीच्या किमतीपेक्षा हा खर्च जास्त नाही.

आता दोन शब्द अधिकाऱ्यांसाठी. मुर्ध्यात ग्रामपंचायत राहिली नाही, महानगरपालिका आहे. जिल्ह्यात अन्यत्र सरपंच आणि पोलिसपाटील आहेत. पावती फाडणे सोपे आहे, पण पावती फाडल्याने झोत खाली वळत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आणि जानेवारीतल्या रस्ता सुरक्षा अभियानात गावातल्या शाळेची एक भिंत आणि मैदान संध्याकाळी मोकळे करून द्या. परिवहन कार्यालयाचा एक निरीक्षक, एक जाणता वायरमन आणि खडूचा एक तुकडा, एवढ्यावर शिबिर होते. गाड्या रांगेने येतील, दिवे रोखून जातील. त्याचबरोबर ज्या वळणावर पथदिवा नाही किंवा बंद आहे तिथे तो लावा, आणि खाजणाच्या कडेला पांढरी रेघ आणि रिफ्लेक्टर द्या. रस्ता अंधारात ठेवून लोकांना जादा दिवे काढायला सांगणे न्यायाचे नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्यासाठी काम एकच. आज संध्याकाळी गाडी घराकडे आली की दिवे चालू ठेवा, खाली उतरा, पंचवीस फूट पुढे जाऊन गाडीकडे तोंड करून उभे राहा. डोळ्यांवर हात घ्यावा लागला तर उद्याच गॅरेज गाठा. मग मागे जाऊन बघा. तिथे अंधार असेल तर उद्याची वाट पाहू नका, तो दिवा लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. समोरून पायी येणारी बाई आणि मागून सायकलवर येणारे पोर तुमच्याच गावचे आहे.