शेवाळाला नाव, माणसाला नाही

परभणी जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामातला एक तरुण गेली चार वर्षे गंगाखेड, सोनपेठ, पालम या तालुक्यांतून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांची छायाचित्रे काढीत आहे. दसरा सरला की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या आणि पोरेबाळे घालून निघालेली ही माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्याने ती थांबून पाहिली, एवढाच फरक. या छायाचित्रांचे पुस्तक स्वखर्चाने छापावे आणि स्वप्रकाशित छायाचित्र-पुस्तकांच्या एखाद्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला पाठवावे, असे त्याच्या मनात आहे.

वडीलधाऱ्यांनी हा पैशाचा अपव्यय ठरवला. प्रवेशशुल्क जाते, टपालखर्च जातो, पाठवलेल्या प्रती बहुधा परत येत नाहीत, हे सारे खरेच आहे. परंतु घरच्या लग्नात चित्रीकरणावर आपण जे उधळतो, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. तेव्हा या आक्षेपापाशी मी फार वेळ थांबत नाही. मला भांडायचे आहे ते दुसऱ्या सल्ल्याशी. छायाचित्रकलेतला जाणकार म्हणवणाऱ्या एका गृहस्थांनी त्याला सांगितले, ‘‘मराठी मजकूर काढून टाक. नावे, गावे गाळ. चित्र स्वतःच बोलले पाहिजे. परीक्षकाला वाचायला लावू नकोस.’’

हा सल्ला ऐकायला मोठा कलात्मक वाटतो. वाचकहो, तो इतिहासाच्या कसोटीवर मात्र टिकत नाही. छायाचित्रांनी सजलेले जगातील पहिले पुस्तक म्हणून ज्याचा मान आहे, ते इंग्लंडमधील अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी १८४३ साली स्वतःच काढावयास प्रारंभ केला. निळ्या रंगाच्या छायाचित्रणपद्धतीने त्यांनी समुद्री शैवालांचे ठसे घेतले, आणि प्रत्येक शैवालाखाली त्याचे शास्त्रीय नाव घातले. पुढे १९६३ साली अमेरिकेत एड रुशे यांनी सव्वीस पेट्रोलपंपांचे एक लहानसे पुस्तक स्वतः प्रसिद्ध केले, अवघ्या ४०० प्रतींचे. आज ते या कलेतला मैलाचा दगड मानले जाते. त्यातही प्रत्येक पंप कोठला, हे चित्राखाली छापलेले आहे. शेवाळाला नाव मिळाले, पेट्रोलपंपाला गाव मिळाले. आणि पालमच्या ऊसतोडणी करणाऱ्या बाईने मात्र ‘शीर्षकविरहित’ म्हणून जगापुढे जावे?

परीक्षक शब्दांना भितात, ही समजूतही निराधार आहे. पॅरिस फोटो आणि अ‍ॅपर्चर फाउंडेशन यांच्या वतीने २०१२ पासून छायाचित्र-पुस्तकांना पुरस्कार दिले जात आहेत. २०१९ साली त्यांतला वर्षातील सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा मान भारतीय छायाचित्रकार सोहराब हुरा यांच्या ‘द कोस्ट’ या पुस्तकाला मिळाला. ते त्यांनी ‘अग्ली डॉग’ या स्वतःच्याच प्रकाशनातर्फे काढले होते. त्या पुस्तकात एकच लहानशी कथा किंचित फेरफार करीत बारा वेळा सांगितली आहे. एक कथा बारा वेळा वाचायची तयारी असलेल्या परीक्षकांना चित्राखालच्या दोन ओळी जड होतील काय?

खरा प्रश्न कलेचा नाहीच. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतो. उचल कोयत्यावर, मजुरीही कोयत्यावर. बाईचे वेगळे नाव तेथे लागतच नाही. नावे गाळलेले सुंदर पुस्तक हे त्या हिशेबाचेच गुळगुळीत कागदावरील दुसरे रूप होय. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत आपल्या आजोबा-पणजोबांचे नाव सापडल्यावर ज्यांचे डोळे पाणावतात, त्यांना हे अधिक फोडून सांगावयास नको.

नाव छापल्याने एखाद्या कुटुंबाला मुकादमाचा जाच होईल, ही भीती मात्र रास्त आहे. त्याचा निर्णय त्या कुटुंबाने करावा. परीक्षकाच्या सोयीसाठी नाव गाळणे आणि बाईने ‘नको’ म्हटले म्हणून गाळणे, या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आणखी एक गोष्ट, जी स्पर्धेच्या धुंदीत हमखास विसरली जाते. आपले पुस्तक आपण छापणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने प्रकाशक ठरतो. १९५४ च्या ग्रंथ प्रदान अधिनियमाप्रमाणे प्रकाशनापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि प्रत्येकी एक मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने धाडावी लागते. परदेशी स्पर्धेला प्रती पाठवण्याइतकी ऐपत असलेल्याला या चार प्रती जड होऊ नयेत. स्पर्धेचा निकाल पुढच्या वर्षी कोणाच्या स्मरणात असेल, सांगता येत नाही. पण ग्रंथालयाच्या नोंदीत गंगाखेड, सोनपेठ, पालम ही नावे राहतील.

तेव्हा त्याने मराठी मजकूर चित्राखालीच ठेवावा. इंग्रजी भाषांतर हवे तर अखेरच्या पानांवर द्यावे. आणि छपाईला घाई करू नये. गाळप हंगाम आटोपून ही कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी गावी परततात. कच्ची प्रत घेऊन त्याने आधी त्यांच्या अंगणात जावे, पाने उलटून दाखवावीत, कोणते चित्र राहावे नि कोणते जावे हे विचारावे. तोवर स्पर्धेची मुदत टळली, तर टळू द्यावी.