विश्लेषण : ‘चंदू चॅम्पियन’मधला म्हातारा सैनिक कुणाला भिडला, कुणाला फिल्मी का वाटला?

१७ जानेवारी २०२५. राष्ट्रपती भवनात राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांचा सोहळा सुरू होता. मनू भाकर, डी. गुकेश यांच्यावर कॅमेरे खिळलेले असताना ८० वर्षांच्या एका मराठी माणसालाही राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पुरस्कार मिळाला. मुरलीकांत राजाराम पेटकर. पुरस्कार होता अर्जुन (जीवनगौरव). त्यांनी सुवर्णपदक जिंकलं होतं १९७२ मध्ये, म्हणजे तब्बल ५२ वर्षांपूर्वी.

त्याच्या सात महिने आधी, १४ जून २०२४ ला पेटकरांच्या आयुष्यावरचा ‘चंदू चॅम्पियन’ थिएटरमध्ये आला होता. दिग्दर्शक कबीर खान, मुख्य भूमिकेत कार्तिक आर्यन. चित्रपट बघून काही जण डोळे पुसत बाहेर पडले, तर काहींना तो ‘तोच जुना बायोपिकचा साचा’ वाटला. एकाच चित्रपटाबद्दल इतकी वेगवेगळी मतं का पडली? आणि यात फक्त आवडीनिवडीचाच प्रश्न आहे का? समजून घेऊया.

मुरलीकांत पेटकर कोण?

पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. जन्म १ नोव्हेंबर १९४४. लहानपणी कुस्तीचं वेड, नंतर लष्करात भरती. ईएमई म्हणजे लष्कराच्या यंत्रं आणि वाहनं सांभाळणाऱ्या विभागात ते जवान होते. तिथे ते बॉक्सिंगकडे वळले.

१९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि एक गोळी मणक्यात अडकून राहिली. एका धडधाकट बॉक्सरला कायमचं अपंगत्व आलं. उपचारांचा भाग म्हणून पोहणं सुरू झालं आणि तिथूनच दुसरा खेळाडू घडत गेला. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमी वेळेसह सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं हे भारताचं पहिलं सुवर्ण.

याचं मोल कळण्यासाठी दोन तारखा पुरेशा आहेत. ऑलिम्पिकमधलं वैयक्तिक सुवर्ण भारताला पहिल्यांदा मिळालं ते २००८ मध्ये, अभिनव बिंद्रामुळे. आणि पॅरालिम्पिकमधलं पुढचं सुवर्ण आलं २००४ मध्ये, देवेंद्र झाझडियाच्या भाल्यातून. म्हणजे ३२ वर्षं पेटकर या यादीत एकटेच होते.

तरीही देशातल्या बहुतेकांना त्यांचं नाव माहीत नव्हतं. लष्करानंतर त्यांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

चित्रपट सुरू कुठून होतो?

मतभेदाचं मूळ इथेच आहे. चित्रपटाची सुरुवात मैदानात किंवा युद्धभूमीवर होत नाही, तर सांगलीतल्या पोलीस ठाण्यात होते. एक म्हातारा माणूस तिथे येतो आणि सांगतो, ‘मला राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार द्यायची आहे.’ कारण काय, तर त्याला अर्जुन पुरस्कार मिळालेला नाही. पोलीस हसतात. मग इन्स्पेक्टरच्या (श्रेयस तळपदे) टेबलासमोर बसून तो आपली गोष्ट सांगायला लागतो आणि चित्रपट मागे जातो.

त्या जुन्या गोष्टीत कऱ्हाड आहे, खाशाबा जाधव आहेत. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकून आलेल्या खाशाबांचं स्वागत बघून छोटा मुरली ठरवतो की आपणही ऑलिम्पिकचं पदक आणायचं. पोरं त्याला ‘चंदू चॅम्पियन’ म्हणून चिडवतात. पुढे लष्कर, कोच टायगर अली (विजय राज), टोकियोतली बॉक्सिंगची लढत, युद्ध, हॉस्पिटल आणि पोहण्याचा तलाव.

आवडलं त्यांचं म्हणणं काय?

पहिला मुद्दा मेहनतीचा. कुस्तीगीर, बॉक्सर आणि जलतरणपटू अशा तीन वेगवेगळ्या शरीरयष्टी कार्तिक आर्यनने कमावल्या, हे टीकाकारांनीही मान्य केलं. या भूमिकेसाठी २०२५ मध्ये त्याला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कारही मिळाला (अभिषेक बच्चनसोबत विभागून). युद्धाचा सुमारे आठ मिनिटांचा सलग चित्रित केलेला प्रसंगही अनेकांच्या लक्षात राहिला.

पण आवडण्याचं खरं कारण त्यापेक्षा साधं होतं. ‘हा माणूस आपल्याला माहीतच नव्हता’ ही चुटपूट. शाळेच्या पुस्तकात खाशाबा भेटतात, मिल्खा सिंग भेटतात, पेटकर भेटत नाहीत. या प्रेक्षकांच्या मते चित्रपट साच्यातला असला तरी त्याने काम केलं, कारण त्यामुळे एक नाव घराघरात पोहोचलं.

पोलीस ठाण्याचा प्रसंगही त्यांना याच कारणासाठी पटतो. सुरुवातीला पोलिसांबरोबर प्रेक्षकही त्या म्हाताऱ्याला हसतो. गोष्ट उलगडत जाते तसं ते हसू आपल्याच अंगावर येतं. सरकारी टेबलासमोर जुनी कागदपत्रं घेऊन बसलेला म्हातारा माणूस महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी दिसतो. त्यामुळे हा प्रसंग नाट्यमय असला तरी परका वाटत नाही.

खटकलं त्यांचं म्हणणं काय?

दुसऱ्या बाजूचे आक्षेप मुख्यतः चार.

एक, साचा. लहानपणीचं स्वप्न, टिंगल, कडक कोच, पराभव, मग शेवटच्या शर्यतीत विजय. ‘भाग मिल्खा भाग’नंतर हिंदीतल्या खेळाडूंच्या बायोपिकची हीच वाट झाली आहे. पेटकरांचं आयुष्य इतकं वेगळं, मग ते इतकं ओळखीचं का वाटावं, असा हा सवाल.

दोन, विनोद आणि गाणी. रेल्वेच्या डब्यातलं ‘सत्यानास’ गाणं, लष्करी छावणीतल्या गमतीजमती यामुळे पूर्वार्ध रेंगाळतो आणि पुढच्या दुःखाची धार कमी होते, असं अनेकांचं मत पडलं.

तीन, म्हातारपण. तिशीतल्या नटाला मेकअप करून सत्तरीचा केला की प्रेक्षकाला माणसाआधी मेकअप दिसतो. तरुणपणाच्या प्रसंगांसाठी महिनोन्महिने घाम गाळला, पण म्हातारपण केसांच्या पांढऱ्या रंगावर भागवलं, अशी ही तक्रार.

चार, भाषा. सांगली-कऱ्हाडकडची माणसं, पण बोलतात हिंदीत, अधूनमधून मराठी शब्द पेरत. हिंदी चित्रपटाची ती गरज आहे हे मान्य केलं तरी पश्चिम महाराष्ट्राच्या प्रेक्षकाला तो हेल उसना वाटतो. त्याच महिन्यात आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ने कोकणातली गोष्ट हिंदीत सांगून १०० कोटींच्या वर कमाई केली. म्हणजे हिंदी चित्रपटात मराठी मातीचं काही चालतच नाही, असं नाही. ‘चंदू चॅम्पियन’ची देशातली कमाई मात्र ६० कोटींच्या थोडी वर जाऊन थांबली, असं ट्रेड वेबसाइट्सचे आकडे सांगतात. खर्चाच्या मानाने ती कमीच होती.

थिएटरमध्ये एक मत, मोबाइलवर दुसरं?

चित्रपट ऑगस्ट २०२४ मध्ये प्राइम व्हिडिओवर आला आणि मग बघणारा प्रेक्षकही बदलला. गोंदियाजवळच्या नागऱ्यासारख्या गावातला प्रेक्षक पुण्या-मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्ये जात नाही. तो चित्रपट घरी, मोबाइलवर, तुकड्यातुकड्यात बघतो.

शिवाय हा झाडीपट्टीचा भाग आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरच्या गावांमध्ये दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटकं चालतात. त्या नाटकात गाणं, लावणी, विनोद आणि ढसाढसा रडवणारा प्रसंग एकाच रात्री असतात आणि तसे ते नसले तर प्रेक्षकच नाराज होतो. अशा नाटकांवर वाढलेल्या प्रेक्षकाला आधी हसवून मग रडवणारा चित्रपट बिघडलेला वाटण्याचं कारण नाही. मल्टिप्लेक्समधला प्रेक्षक ज्याला ‘टोन घसरला’ म्हणतो, त्याला इथे ‘नाटक रंगलं’ म्हणतात. म्हणजे काही मतभेद चित्रपटाच्या दर्जाचे नसून बघण्याच्या सवयीचे आहेत.

वेळेनेही हात दिला. ऑगस्टच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकलं आणि खाशाबांची आठवण पुन्हा निघाली. महिन्याअखेरीस पॅरिस पॅरालिम्पिक सुरू झालं. त्यात भारताने २९ पदकं जिंकली. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने गोळाफेकीत रौप्य मिळवलं. पॅरालिम्पिक म्हणजे काय हे लोकांना नव्याने कळत असताना पेटकरांची गोष्ट हाताशी होती.

मग खरा वाद कशाचा?

साचा, मेकअप, गाणी हे मुद्दे बाजूला ठेवले तरी एक मतभेद उरतो आणि तोच महत्त्वाचा आहे. पेटकरांची गोष्ट जिद्दीची की दुर्लक्षाची?

चित्रपट जिद्दीच्या बाजूने झुकतो. नायक पडतो, उठतो, जिंकतो आणि शेवटी राष्ट्रपती भवनात पद्मश्री स्वीकारतो. प्रेक्षक समाधानाने घरी जातो. पण सुरुवातीला म्हाताऱ्याने पोलिसांना विचारलेला प्रश्न होता, ‘मला अर्जुन का नाही?’ त्याचं उत्तर चित्रपटात मिळत नाही. पद्मश्री मिळाली म्हणून तो प्रश्न विरून जातो.

त्याच सुमारास आणखी एक म्हातारा सैनिक पडद्यावर आला होता. १२ जुलैला आलेल्या ‘इंडियन २’मध्ये कमल हासनचा सेनापती, आझाद हिंद सेनेतला जुना लढवय्या, भ्रष्टाचाऱ्यांना स्वतःच शिक्षा देत सुटतो. सेनापतीचा व्यवस्थेवर विश्वासच नाही. पेटकर मात्र अन्यायाची तक्रार घेऊनही पोलीस ठाण्यातच जातात. हा विश्वास काहींना हृद्य वाटतो. काहींना वाटतं, इतकं होऊनही चित्रपट व्यवस्थेवर साधा रागसुद्धा काढत नाही.

अर्जुन पुरस्कार इतका उशिरा का?

अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जातो. हायडेलबर्गचं पदक आलं तेव्हा तो ११ वर्षं जुना होता. पण तेव्हा अपंग खेळाडूंची बाजू मांडणारी राष्ट्रीय यंत्रणाच नव्हती. भारताची पॅरालिम्पिक संघटना स्थापन झाली १९९२ मध्ये, म्हणजे पेटकरांच्या पदकानंतर २० वर्षांनी.

दुसरी अडचण नियमांची. नेहमीचा अर्जुन पुरस्कार अलीकडच्या वर्षांतली कामगिरी बघून दिला जातो. ती वेळ एकदा हुकली की खेळाडू त्या चौकटीत बसतच नाही. जुन्या खेळाडूंसाठी ध्यानचंद पुरस्कार होता. त्याच्या जागी आता अर्जुन (जीवनगौरव) आला आणि पेटकर त्याच्या पहिल्याच यादीत आले.

चित्रपटामुळे पुरस्कार मिळाला का? तसं ठामपणे म्हणता येत नाही. चित्रपट, पॅरिसची पदकं आणि पुरस्कार एकामागोमाग आले, एवढंच दिसतं. पण त्या वर्षीच्या ३२ अर्जुन पुरस्कारांपैकी १७ पॅरा खेळाडूंना मिळाले आणि त्यात सचिन खिलारीही होता. सांगली जिल्ह्यातल्या एका पॅरा खेळाडूला पदकानंतर चार महिन्यांत अर्जुन जाहीर झाला. दुसऱ्याला पाच दशकं वाट बघावी लागली.

आता पुढे काय?

पेटकर या रांगेत पहिले नव्हते. ज्यांना बघून चित्रपटातला मुरली स्वप्न बघतो, त्या खाशाबा जाधवांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ मधल्या त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी. पेटकर निदान स्वतः जाऊन तो घेऊ शकले. पेटकरांनंतर भारताला पॅरालिम्पिक पदकं मिळाली ती १९८४ मध्ये. तेव्हा भालाफेकीत रौप्य जिंकणाऱ्या भीमराव केसरकरांचं नाव आज किती जणांना माहीत आहे?

‘चंदू चॅम्पियन’ चांगला की फिल्मी, यावर मतं वेगळी राहतील आणि राहायलाही हवीत. पण या चित्रपटाने एक गोष्ट दाखवून दिली. आपल्याकडे जुन्या खेळाडूची आठवण ठेवण्याचं काम अजूनही एखादा दिग्दर्शक, एखादा पत्रकार किंवा स्वतः तो खेळाडूच करतो. निकाल, नावं, पदकं यांची नोंद सरकारी कागदांत असते, पण ती काढून त्या माणसापर्यंत जाण्याची पद्धत नाही. जीवनगौरवाचा नवा पुरस्कार आला आहे. त्यासाठी खेळाडूने स्वतः फाइल घेऊन फिरायचं की क्रीडा खात्याने त्याचं दार ठोठवायचं, हे यापुढच्या याद्यांमधून दिसेल.