माणसे महापालिकेच्या हवाली, जमीन मात्र केंद्राच्या मुठीत!

कँटोन्मेंट बोर्डांच्या ताब्यातील नागरी वस्त्या लष्करी हद्दीतून वगळून शेजारच्या महापालिकांना वा ग्रामपंचायतींना जोडून टाकण्याचे धोरण केंद्र सरकारने हाती घेतले आहे. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल येथून त्याचा आरंभ झाला. देशात तेव्हा ६२ कँटोन्मेंटे होती. त्यांपैकी सात महाराष्ट्रात आहेत: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी. पाच मध्य प्रदेशात आहेत: जबलपूर, महू, सागर, मोरार आणि पचमढी. या सर्व गावांतील भाडेकरू, दुकानदार, सफाई कामगार आणि निवृत्त जवान आज एकच प्रश्न विचारीत आहेत: आमचे पुढे काय?

जबलपूरमध्ये या प्रश्नाला विशेष धार आहे. उत्तरेस आधारताल आणि महाराजपुरच्या अंगाने हे शहर शेतजमिनींत पसरत गेले. महापालिकेचे आज ७९ प्रभाग आहेत. शहराच्या पोटात मात्र सदर बाजार आणि त्याभोवतीच्या वस्त्या कँटोन्मेंट बोर्डाच्या अंमलाखाली राहिल्या. रस्त्याच्या एका बाजूचा रहिवासी महापौर निवडतो, तर दुसऱ्या बाजूच्या रहिवाशाचे नागरी जीवन लष्करी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील बोर्ड ठरविते. ही विषमता संपली पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. वाद आहे तो ती कोणत्या अटींवर, कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या लाभासाठी संपवावयाची, याविषयी.

वारसा कोणता मोडला?

कँटोन्मेंट ही वसाहतवादाची खूण आहे आणि ती आम्ही पुसून टाकीत आहोत, अशी द्वाही सत्ताधारी फिरवीत आहेत. ही द्वाही तपासून पाहावयास हवी.

ब्रिटिशांनी छावणीच्या भोवती बाजार वसविला तो लष्कराच्या सोयीसाठी. धोबी, भिस्ती, मेहतर, खानसामे, शिंपी, वाणी यांना तेथे राहू दिले. जमिनीवर हक्क मात्र दिला नाही. गव्हर्नर जनरलच्या १८३६ सालच्या १७९ क्रमांकाच्या आदेशाने असे ठरविले की छावणीतील जमीन सरकारचीच राहील, आणि महिन्याभराची नोटीस व इमारतीची किंमत देऊन सरकार ती केव्हाही परत घेऊ शकेल. मुंबई इलाख्यातील छावण्यांसाठीही याच धर्तीचे नियम होते. पुढे १९२४ साली कँटोन्मेंट कायदा आला, स्वातंत्र्य आले, २००६ साली नवा कँटोन्मेंट कायदा आला. 'ओल्ड ग्रँट' या नावाने ओळखली जाणारी ती जुनी पद्धत मात्र जिवंतच राहिली. चार पिढ्या ज्या घरात नांदल्या त्या घराखालची माती त्या कुटुंबाची नाही. वसाहतवादाचा खरा वारसा हा आहे.

आणि नेमक्या याच वारशाला धक्का लावण्यास केंद्र सरकार तयार नाही. विलीनीकरणाची जी मार्गदर्शक तत्त्वे २०२४ साली जाहीर झाली त्यांनुसार नागरी सेवांसाठी असलेली मालमत्ता राज्य सरकारकडे वा स्थानिक संस्थेकडे विनामूल्य जाईल. बोर्डाची देणीही तिच्यासोबत जातील. परंतु जमिनीवरील मालकी हक्क, जेथे जेथे तो लागू असेल तेथे, केंद्राकडेच राहील. याचा सरळ अर्थ असा की गटारे, दिवे, दवाखाने, शाळा आणि कर्ज महापालिकेच्या माथी. जमीन दिल्लीच्या मुठीत. रहिवाशाने घरपट्टी एकाला भरावयाची आणि घराच्या दुरुस्तीची परवानगी मागताना मालकीसाठी दुसऱ्याचे तोंड पाहावयाचे. एका धन्याच्या जागी दोन धनी आणण्याला वसाहतवादाचा अंत म्हणता येत नाही.

आताच घाई का?

या वस्त्यांचा कळवळा केंद्राला एकाएकी का आला? त्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत सापडते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि बोर्डांची स्थानिक करांची साधने हातची गेली. महाराष्ट्रात महापालिकांना भरपाई देण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. कँटोन्मेंट बोर्डे केंद्राची, म्हणून ती भरपाईबाहेर राहिली. केंद्राच्या मालमत्तेवर कर बसत नाही, त्याऐवजी संरक्षण खात्याने सेवाशुल्क द्यावयाचे असते; त्याची थकबाकी हे अनेक बोर्डांचे जुने दुखणे आहे. म्हणजे आधी उत्पन्न काढून घेतले, देणे थकविले, बोर्डे डबघाईस आणली, आणि आता ती चालविणे परवडत नाही म्हणून लोकांसकट ती दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवावयाची!

जबलपूरच्या कामगारवर्गाला ही रीत अपरिचित नाही. १९०४ साली उभारलेला गन कॅरेज कारखाना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील खमरियाचा दारूगोळा कारखाना, १९६९ चा वाहन कारखाना यांनी हे शहर घडविले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त करून देशातील ४१ कारखाने सात कंपन्यांत वाटून टाकण्यात आले. कामगारांच्या महासंघांनी संपाची हाक दिली तेव्हा त्याच वर्षी प्रथम वटहुकूम आणि मग कायदा करून संपावर बंदी घालण्यात आली. कारखाना कंपनीच्या हवाली, वस्ती महापालिकेच्या हवाली. दोन्ही निर्णयांमागील विचार एकच आहे. श्रमिकांविषयीची जबाबदारी अंगावेगळी करावयाची आणि मालमत्तेवरील पकड मात्र ढिली होऊ द्यावयाची नाही.

मताधिकाराची थट्टा

या संपूर्ण व्यवहारात जनतेला विचारले कोणी? २००६ च्या कायद्यानुसार छावणीची हद्द बदलण्यापूर्वी केंद्राने राज्य सरकारचा व संबंधित बोर्डाचा सल्ला घ्यावयाचा असतो. रहिवाशांना हरकती नोंदविण्याची मुदत मिळते, कौल देण्याचा अधिकार मिळत नाही. पण ते बोर्ड तरी कोणाचे? २०१५ साली निवडून आलेल्या बोर्डांची मुदत २०२० मध्ये संपली, दोनदा वाढविली गेली आणि २०२१ मध्ये निवडून आलेले सदस्य पायउतार झाले. त्यांच्या जागी अधिकारी व एक नामनियुक्त नागरी सदस्य अशी बोर्डे आली. ५७ कँटोन्मेंटांच्या निवडणुका ३० एप्रिल २०२३ रोजी व्हावयाच्या होत्या. मार्चमध्येच ती अधिसूचना मागे घेण्यात आली. सरकारने नेमलेल्या बोर्डाचा सल्ला सरकारने घेणे, हे आरशाला प्रश्न विचारण्यासारखे आहे.

जबलपूरच्या छावणीचा इतिहास आज्ञाधारकपणाचा नाही, हे येथे लक्षात ठेवावे. मुंबईच्या नाविकांच्या उठावाला दोन आठवडेही झाले नव्हते, तोच २७ फेब्रुवारी १९४६ रोजी जबलपूरच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील सुमारे सतराशे भारतीय जवान काम सोडून बाहेर पडले. निकृष्ट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक आणि आझाद हिंद सेनेच्या सैनिकांवरील खटले यांविरुद्ध तो उद्रेक होता. ज्या भूमीवर गणवेशातील माणसांनी सन्मान मागितला, तेथील नागरिकांना आपल्या वस्तीचे भवितव्य राजपत्रात वाचावे लागावे, हे लांच्छनास्पद आहे.

पुण्याचा धडा

विलीनीकरण झाले की सुखसोयी आपोआप येतील, या भ्रमात असणाऱ्यांनी पुण्याकडे पाहावे. ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेत ११ गावे आली आणि ३० जून २०२१ रोजी आणखी २३. क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. मुंबईलाही मागे टाकले म्हणून ढोल वाजले. २३ गावांच्या ग्रामपंचायती त्या दिवशी संपल्या. नगरसेवक मात्र आले नाहीत. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासकाचा कारभार सुरू झाला, आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. साडेचार वर्षे या गावांना ना सरपंच होता, ना नगरसेवक.

या काळात निर्णय थांबले होते काय? मुळीच नाही. विलीनीकरणास पंधरवडा होतो न होतो तोच राज्य सरकारने या २३ गावांसाठी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. बांधकामाची परवानगी आणि विकासशुल्क एकाकडे, पाणी व मैलापाणी यांची जबाबदारी दुसऱ्याकडे! इमारती उठत राहिल्या, नळ कोरडे राहिले. वाघोलीसारख्या भागात टँकर हीच पाणीपुरवठ्याची योजना होऊन बसली.

जानेवारी २०२५ मध्ये या कारभाराची किंमत लोकांनी शरीराने मोजली. सिंहगड रस्त्यालगत नांदेड, किरकटवाडी, धायरी या समाविष्ट भागांत गुलेन बारी सिंड्रोमचा उद्रेक झाला. पुणे परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काही जण दगावले. संशयाचे बोट पाण्याकडे वळले. रुग्णांच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून पसरणारे जंतू आढळले. या परिसराला विहिरीचे पाणी केवळ क्लोरीन टाकून पुरविले जात होते, शुद्धीकरण केंद्र नव्हते. महापालिकेच्या नकाशात साडेतीन वर्षे असलेल्या गावांची ही स्थिती होती.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी तर पुण्याचा कचरा १९९१ पासून सोसला. दुर्गंधी, विहिरींचे दूषित पाणी, आगी, आणि तीन दशकांची आंदोलने! २०१७ मध्ये त्यांना शहरात घेतले. वाढीव करांच्या ओझ्याविरुद्ध ओरड झाली तेव्हा २०२४ मध्ये वेगळी नगरपरिषद करून बाहेर काढले. सरकारच्या सोयीने गावे आत घ्यावयाची आणि सोयीने बाहेर ढकलावयाची, अशी ही सोंगट्यांची खेळी आहे. सदर बाजारातील रहिवाशांपुढे उद्या हेच वाढून ठेवलेले आहे.

'आहे तेच बरे' हा पवित्राही चुकीचा

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की कँटोन्मेंट आहे तसेच राहू द्यावे. हा निष्कर्ष आपला नव्हे. कमी कर, शिस्त, झाडी आणि शांतता यांची महती गाणारा आवाज बहुधा बंगल्याच्या आवारातून येतो. चाळीतील भाडेकरूला त्या झाडीची सावली मिळत नाही. छप्पर गळते आणि दुरुस्तीची परवानगी मिळत नाही. राज्याच्या गृहनिर्माण व झोपडपट्टी सुधार योजना छावणीच्या फाटकापाशी अडतात. कोणत्याही दिवशी लष्करी सुरक्षेचे कारण सांगून वर्षानुवर्षांचा रस्ता बंद होतो. अधिकाऱ्यांच्या बहुमताच्या बोर्डाला लोकशाहीचे कवच समजणे म्हणजे पिंजऱ्याला घर म्हणणे होय.

दुसऱ्या बाजूस विलीनीकरणाचा सर्वांत मोठा उत्साह बांधकाम व्यावसायिकांना आहे. आजवर चटईक्षेत्राच्या कडक मर्यादांमुळे अडून राहिलेल्या, शहराच्या ऐन मध्यातील या जमिनी मोकळ्या व्हाव्यात, एवढाच त्यांचा लोकशाहीप्रेमाचा अर्थ आहे. भाडेकरूला हक्क मिळण्याआधी पुनर्विकास आला, तर विलीनीकरणाची पहिली भेट म्हणून त्याच्या हाती बेदखलीची नोटीस पडेल. म्हणून बंगलेवाल्यांच्या 'नको'मागे आपण जाता कामा नये आणि बिल्डरांच्या 'हवे'मागेही फरफटत जाता कामा नये. कष्टकऱ्यांचा प्रश्न 'होय की नाही' असा नाही. 'कोणत्या अटींवर' असा आहे.

मागण्या

पहिली मागणी जमिनीची. १८३६ च्या आदेशाची छाया पूर्णपणे हटवून नागरी वस्त्यांतील राहत्या घरांचा हक्क रहिवाशांना द्यावा. भाडेकरूंना व झोपडीधारकांना संरक्षण मिळेपर्यंत कोणताही पुनर्विकास मंजूर होऊ नये.

दुसरी मागणी प्रतिनिधित्वाची. वस्तीसभांत कौल घेतल्याखेरीज अंतिम अधिसूचना काढू नये. विलीनीकरणाच्या दिवशीच नव्या प्रभागांची रचना जाहीर व्हावी आणि सहा महिन्यांत निवडणूक व्हावी. प्रशासकाच्या हाती वस्ती सोपविणे मान्य करू नये.

तिसरी मागणी कामगारांची. बोर्डांच्या सर्व कर्मचाऱ्यांची सेवाज्येष्ठता, वेतन व निवृत्तिवेतन अबाधित ठेवून त्यांना सामावून घ्यावे. वर्षानुवर्षे कंत्राटदाराच्या नावाखाली राबणाऱ्या सफाई कामगारांची नावे यादीत प्रथम यावीत. हस्तांतराच्या कागदपत्रांत झाडूची आणि घंटागाडीची नोंद होते, पण ती चालविणाऱ्या कंत्राटी माणसाची होत नाही.

चौथी मागणी पैशाची. संरक्षण खात्याने थकलेले सेवाशुल्क हस्तांतरापूर्वी चुकते करावे, आणि पाणी व मलनिस्सारण यांच्या उभारणीसाठी केंद्राने व राज्याने निधी द्यावा. ती सेवा प्रत्यक्ष दारात पोहोचेपर्यंत करवाढ होऊ नये.

या मागण्या निवेदनाच्या कागदावर राहिल्या तर त्यांना कोणी विचारणार नाही. जबलपूर, कामठी, पुणे, देवळाली येथील शाखांनी भाडेकरूंच्या आणि फेरीवाल्यांच्या बैठका आताच घ्यावयास हव्यात. सफाई कामगारांच्या युनियनने व संरक्षण कारखान्यांतील कामगारांनी एका समितीत बसावयास हवे. शेजारच्या प्रभागांतील जनतेलाही या लढ्यात ओढले पाहिजे, कारण केंद्राने झटकलेला खर्च उद्या तिच्याच घरपट्टीतून वसूल होणार आहे. अधिसूचनेवर हरकती नोंदविण्याची मुदत आठवड्यांची असते. संघटना बांधण्याचे काम तिच्या आधी सुरू झाले पाहिजे.