एका यंत्रात दोन विंडोज

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. घरगुती ग्राहकांना नोंदणीनंतर आणखी वर्षभर सुरक्षा सुधारणा, एवढीच सवलत. त्यामुळे जुन्या खेळांसाठी दहा आणि नव्यांसाठी अकरा, अशा दोन प्रणाली एकाच गेमिंग संगणकात नांदवण्याचा पर्याय अनेकांना सोयीचा वाटतो. तो तितका सोयीचा नाही.

‘बॅटलफील्ड ६’ सारखे खेळ सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय सुरूच होत नाहीत. जुनी विंडोज जर एमबीआर पद्धतीने बसवलेली असेल, तर सिक्युअर बूट चालू करताच ती उघडेनाशी होते. ती डिस्क आधी जीपीटीत रूपांतरित करावी लागते. त्यापूर्वी बॅकअप न घेणे हा शुद्ध जुगार. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी कीही हाताशी हवी.

खरा धोका मात्र वेगळाच आहे. सुधारणा थांबलेल्या प्रणालीत शिरलेल्या घुसखोराला शेजारच्या कूटबद्ध नसलेल्या विभाजनातील फायलीही मोकळ्या मिळतात. म्हणून जुनी विंडोज ठेवायचीच, तर ती इंटरनेटपासून तोडून ठेवावी. लिनक्सचा मार्ग स्वस्त खरा. पण ‘बॅटलफील्ड ६’ तेथे चालत नाही.