आवड वेगळी, निवाडा वेगळा

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण आपण समंजसपणाने वापरतो तितकीच आळसानेही वापरतो. गाणे, नाटक, आमटी, आंबा, कशावरही वाद रंगात आला की कोणीतरी ही म्हण पुढे करतो आणि चर्चा आटोपते. आवडनिवड ज्याची त्याची, हे खरेच आहे. परंतु तेवढ्यावरून बऱ्यावाईटाचा निवाडाच करता येत नाही असे मानले, तर ज्याची जाहिरात मोठी त्याचा माल चांगला, एवढाच निकष हाती उरतो. यातून वाट कशी काढता येते, हे पाहण्यासाठी आज एक जरा अनपेक्षित उदाहरण घेऊ. उदाहरण आहे बिअरचे. नेमके सांगायचे तर पेल एल या प्रकाराचे.

काही वाचकांच्या भुवया वर जातील. त्यांचा आक्षेप रास्त आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्वच्छ शब्दांत सांगितले आहे. येथे कोणाला प्यायला बसवायचे नाही. पण जी वस्तू उघडपणे बनते, विकली जाते आणि सरकारच्या तिजोरीत भर घालते, ती चांगली बनली आहे की वाईट, हे विचारण्यात गैर काय?

अमेरिकेत १९७८ साली घरी बिअर बनवण्याला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली. हौशी लोक कामाला लागले, स्पर्धा होऊ लागल्या, आणि स्पर्धा आल्या की परीक्षकांविषयीच्या तक्रारीही आल्याच. १९८५ साली परीक्षकांचीच परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देणारा ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ सुरू झाला. त्याची पद्धत पाहण्याजोगी आहे. परीक्षकापुढे येतो तो क्रमांक. बनवणाऱ्याचे नाव त्याला कळत नाही. पेल्यात जेमतेम काही घोट असतात. अत्तर लावून यायचे नाही. आधी वास घ्यायचा, कारण अगदी हलके, उडून जाणारे गंध पहिल्या मिनिटातच नाहीसे होतात. मग रंग आणि फेस पाहायचा, मग घोट घ्यायचा. दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी आणि पावाचा तुकडा. गुण लिहून होईपर्यंत शेजारच्या परीक्षकाशी बोलायचे नाही. एकाने नाक मुरडलेले दिसले की दुसऱ्याची जीभही बदलते, हा अनुभव त्यामागे आहे.

एकूण गुण ५०. त्यांतले वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकंदर ठशाला १०. रूपाला केवळ तीन! आपल्या बाजारात बाटली, लेबल आणि दुकानाची सजावट यांनाच तीस गुण मिळून जातात, हे आठवले की या विभागणीतला विवेक कळतो.

आता अमेरिकन पेल एल या प्रकाराच्या बिअरकडून काय अपेक्षा असते? रंग फिक्या सोनेरीपासून हलक्या तांबूसपर्यंत. मद्यार्क साधारण साडेचार ते सहा टक्के. मोड आणून वाळवलेल्या सातूची, म्हणजे माल्टची, भाजलेल्या पावासारखी चव खाली असावी आणि तिच्यावर हॉप्स या वेलीच्या फुलांचा गंध असावा. तो पपनसाच्या सालीची, कधी पाइनच्या राळेची आठवण देतो. कडवटपणा ठळक हवा, पण घोट गिळल्यावर जिभेला खरवडत राहणारा नको. मेथीच्या भाजीचा कडूपणा जेवणाला रुची आणतो आणि कडू निघालेली काकडी मात्र आपण थुंकून टाकतो, हा फरक ज्याला ठाऊक आहे त्याला ही अपेक्षा समजावून सांगावी लागणार नाही.

दोष ओळखणे हा परीक्षकाच्या विद्येचा कठीण भाग. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास आला तर तो बहुधा डायअसिटिल या द्रव्याचा. यीस्ट ते आंबवण्याच्या ओघात तयार करते आणि पुढे स्वतःच पचवते. घाईने बिअर थंड केली की ते मागे राहून जाते. कच्च्या सफरचंदाचा वास बहुतेकदा अशाच घाईची खूण असतो. उकडलेल्या मक्याचा वास आला तर उकळी पुरेशी झाली नसावी. भिजलेल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बिअरला हवा लागली, ती शिळी झाली. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीवर ऊन पडले तर हॉप्समधल्या द्रव्यांवर प्रकाशाची क्रिया होऊन दुर्गंध येतो. म्हणजे ‘मला आवडली नाही’ या तीन शब्दांच्या जागी ‘दोन दिवस आधी थंड केलीत’ असे काहीतरी नेमके सांगता येते. पहिल्या वाक्याने बनवणारा हिरमुसतो, दुसऱ्याने सुधारतो. निवाडा हा असा बनवणाऱ्याच्या उपयोगी पडावा लागतो. गुणपत्रिकेत आकड्यांपेक्षा शेऱ्यांना जागा जास्त ठेवलेली असते, ती याच कारणाने.

दोन परीक्षकांत मतभेद होतातच. त्यांच्या गुणांत सातांहून अधिक अंतर पडू नये, असा संकेत आहे. पडले तर दोघांनी पुन्हा चव घ्यायची आणि आपापली कारणे मांडायची. तेथे ज्येष्ठतेने प्रश्न सुटावा अशी अपेक्षा नसते. कारण सांगता आले नाही तर गुण बदलावे लागतात. आपल्या साहित्य-नाट्यस्पर्धांच्या परीक्षकांना हा नियम लावला तर किती निकाल टिकतील, याचा विचार ज्याने त्याने करावा.

तरीही या व्यवस्थेतली एक मेख लपवून चालणार नाही. बिअर चांगली आहे एवढ्यावर गुण मिळत नाहीत. ज्या प्रकारात ती उतरवली त्या प्रकाराला ती साजेशी आहे की नाही, हेही पाहिले जाते. ख्यालाच्या स्पर्धेत कोणी अप्रतिम नाट्यगीत गायले तर परीक्षकाने काय करावे, तसाच हा पेच. मग नव्याला जागा कोठून मिळायची?

याचे उत्तर पेल एलच्या इतिहासातच आहे. अमेरिकेच्या शेती खात्याच्या ओरेगनमधल्या संशोधनातून कॅस्केड ही हॉप्सची नवी जात १९७२ साली बाहेर आली. पपनसासारखा तिचा तीव्र वास तेव्हाच्या सौम्य बिअरच्या चाहत्यांना विचित्र वाटावा असाच होता. कॅलिफोर्नियातल्या चिको या गावात केन ग्रॉसमन यांनी जुनी दूधधंद्याची यंत्रसामग्री जमवून छोटी भट्टी उभारली आणि १९८० साली याच कॅस्केडची सिएरा नेव्हाडा पेल एल बनवली. मनासारखी चव साधेपर्यंत सुरुवातीचे अनेक घाणे त्यांनी ओतून दिले. त्या वेळी तिला बसवायला तयार चौकट नव्हती. आज त्याच चौकटीच्या वर्णनात नमुना म्हणून तिचे नाव दिले जाते. नियम चांगल्या कृतीच्या मागून येतात, हे ज्या परीक्षकाला उमगले आहे तो नियमही मानतो आणि अपवादासाठी कानही उघडे ठेवतो.

या प्रकाराशी आपला संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या पूर्वेकडील बो येथील हॉजसन यांच्या भट्टीतून पेल एलची पिंपे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्याला येत. प्रवास कित्येक महिन्यांचा. ती मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या टेबलावर जाई. ‘इंडिया पेल एल’ हे नाव त्यातूनच आले. आपल्या पूर्वजांनी बहुधा ती पिंपे उतरवून घेण्याचेच काम केले. पुढे २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली आणि राज्यात ताज्या बिअरच्या छोट्या भट्ट्यांचे युग आले. नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत परतीच्या जहाजाची वाट पाहून डोके फिरलेल्या गोऱ्या सोजिरांमुळे इंग्रजीत जो शब्द रूढ झाला, तेच हे नाव. देवळालीचे डूलाली होऊन नाव घरी परतले. त्याबरोबर परीक्षणाची शिस्तही यायला हवी होती.

ती पुरती आलेली नाही. आपल्याकडे खपणाऱ्या बिअरमध्ये ‘स्ट्राँग’चा वाटा फार मोठा आहे, म्हणजे एका रुपयात किती नशा, हाच बहुतेकांचा निकष. दुसऱ्या टोकाला कित्येक रुपये मोजून क्राफ्ट बिअरचा पेला घेणारा नवा ग्राहक आहे. पेल्यातून लोण्याचा वास येतो आणि ‘काहीतरी खास असेल’ म्हणून तो गप्प बसतो. आपण अडाणी ठरू, ही भीती त्याच्या जिभेवर बसलेली असते. बनवणाऱ्याला दोष कळत नाही, पुढचा घाणाही तसाच निघतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्या राज्यात पिण्यासाठी परवाना लागतो. ज्या गोष्टीचा उच्चारच चोरट्या आवाजात करायचा, तिच्या गुणदोषांवर मोकळेपणी बोलणार कोण?

वास्तविक मराठीकडे या कामाची शब्दसंपत्ती आहे. तुरट, खवट, कुबट, उग्र, आंबूस, करपट हे शब्द स्वयंपाकघरात रोज वापरात असतात. खोबरे खवट झाले हे सांगताना घरातली बाई ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ म्हणत नाही. ती वाटी बाजूला काढते आणि वाण्याला परत करते. देवगडच्या नावाने भलताच आंबा गळ्यात मारणाऱ्याशी, किंवा महागड्या पेल्यातून शिळी बिअर देणाऱ्याशी, याच स्वरात बोलायला हवे. त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. नाव झाकून चव घ्यावी, दुसऱ्याचे मत ऐकण्यापूर्वी आपले ठरवावे, आणि ते सांगताना कारण द्यावे. आवड आपल्याजवळच राहील. पण कारण मात्र दुसऱ्याच्याही कामी येईल.