फुकट आहे, मोकळे नाही

बावखल म्हणजे काय, हे वसईतल्या निर्मळ-भुईगावच्या पोराला सांगावे लागत नाही. वाडीतले ते तळे पावसाचे पाणी धरते, भोवतालच्या विहिरी गोड्या ठेवते, केळी जगवते. अलीकडे त्यातली बरीच बुजवली गेली, तो वेगळा अग्रलेख. पाण्याचा धडा शिकवताना एखाद्या बाईंनी धड्यातले चित्र काढून तिथे बावखल घातले, रहाटाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि तो बदललेला धडा अर्नाळ्यापासून नायगावपर्यंतच्या शाळांना पाठवला, तर अडचण कसली? तंत्रज्ञानाची मुळीच नाही. अडचण आहे ती पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेल्या हक्कसूचनेची.

बालभारतीची, म्हणजे राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, पुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. ही सोय मोठी आहे, तिचे श्रेय मंडळाला द्यायलाच हवे. मात्र पुस्तकाचे सगळे हक्क मंडळाकडे राखीव आहेत आणि लेखी परवानगीशिवाय त्यातला भाग उद्धृतही करता येत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 शिकवण्यापुरती सूट देते, म्हणून वर्गात बाईंना कोणी अडवत नाही. तोच धडा नव्याने छापून वाटायचा म्हटले, की पुण्याला अर्ज. फुकट आणि मोकळे यांतला हा फरक आपल्या डिजिटल शिक्षणाच्या चर्चेत येतच नाही. चर्चा होते ती टॅबची, स्मार्ट बोर्डाची आणि फीत कोण कापणार याची.

युनेस्कोने 25 नोव्हेंबर 2019 रोजी मुक्त शैक्षणिक संसाधनांबाबत जी शिफारस स्वीकारली, तिचा गाभा हाच आहे : साहित्य नुसते पाहायला मिळून भागत नाही, ते बदलता आणि पुन्हा वाटता आले पाहिजे. हे काही परदेशी खूळ नव्हे. केंद्राने 2013 मध्येच मुक्त शैक्षणिक साहित्याचे राष्ट्रीय भांडार क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली उघडले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे पाठ त्याच पद्धतीच्या परवान्याखाली मराठीतही मिळतात. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊतून खेळणी करण्याच्या कृती आणि पुस्तकांचा प्रचंड साठा कुणाच्याही हाती लागेल असा मांडून ठेवला. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड लावण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी राबवली आणि नंतर राज्याने ती उचलली. शिक्षकाला हात मोकळे मिळाले की काय होते, याचा याहून चांगला दाखला शोधायला नको.

वसई-विरारला या मोकळीकीची गरज अधिक. नालासोपाऱ्याच्या एकाच वर्गात घरी भोजपुरी, गुजराती, कोकणी बोलणारी मुले मराठी शिकतात. पश्चिमेला कादोडी आणि वाडवळी या बोली, तर पूर्वेला भाताणे-शिरवलीच्या बाजूला वारली. एका राज्याचे एक पुस्तक या सगळ्यांना पुरणार कसे? बालभारतीने पूर्वी तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्हावार काढली, म्हणजे मुद्दा मंडळाला मान्य आहे. पण जव्हारचा डोंगर आणि वसईची वाडी एकाच जिल्ह्यात येतात.

2020 च्या टाळेबंदीत 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत मोबाइलवर अभ्यासमाला आल्या. निर्बंध सैल झाल्यावर घरातला एकुलता फोन बापाबरोबर विरार लोकलने कामावर जाऊ लागला. अशा घरात चित्रफितीपेक्षा बाईंनी बदलून, छापून दिलेली दोन पाने जास्त कामाची. वीज गेली तरी ती वाचता येतात.

हक्क सोडले तर गाइडवाल्यांचे फावेल, ही भीती खोटी नाही. त्यावर उपायही तयार आहे : व्यापारी वापराला मनाई करून बाकी सर्व मुभा देणारा परवाना. आणि पुस्तकात बदल सरकारला वर्ज्य नाहीत : 2023 मध्ये याच सरकारी पुस्तकांत मुलांच्या नोंदींसाठी कोरी पाने बांधली गेली आणि पुढे ती काढूनही टाकली. शिक्षकाला एक कोरे पान द्यावे, हे मात्र कोणाला सुचले नाही.

बालभारतीची स्थापना 27 जानेवारी 1967 ची. साठ वर्षे पूर्ण होण्याआधी शालेय शिक्षणमंत्र्यांनी एवढी एक हक्कसूचना बदलून घ्यावी. जनतेच्या पैशातून लिहिलेले धडे आहेत. त्यात बावखल घालायला वसईच्या बाईंना परवानगी मागावी लागू नये.