वायरचा इंटरनेट अडला, तर

पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत खाली दुकान, वर घर अशी रचना अनेक ठिकाणी आढळते. राऊटर वर, हिशेबाचा संगणक खाली आणि दोहोंमध्ये भिंतीलगत उतरलेली केबल. २० तारखेला जीएसटीआर-३बी भरावयाचे असते. चुकल्यास दररोज ५० रुपये विलंबशुल्क आणि थकीत करावर वार्षिक १८ टक्के व्याज. नेमके त्याच दिवशी मोबाइलवर वाय-फाय चालते, संगणक मात्र मौन धरतो.

अशा वेळी राऊटर रीसेट करू नये. त्यातील जोडणीची माहितीच पुसली जाण्याचा संभव असतो. वाय-फाय चालते, त्या अर्थी दोष राऊटरच्या पोर्टपासून संगणकापर्यंतच शोधावा. प्रथम पोर्टजवळचा दिवा पाहावा. तो विझलेला असल्यास पोर्ट बदलावा, नंतर केबल. एका वेळी एकच बदल.

दिवा असूनही वेग १०० एमबीपीएसवरच अडत असेल, तर केबलच्या ८ तारांपैकी एखादी तुटलेली असू शकते. १०० साठी ४ तारा पुरतात, १००० साठी आठही लागतात. चातुर्मासातील दमट हवेने टोकाच्या पिनाही गंजतात. नवे टोक बसविले की काम भागते.

ताळा जुळला नाही म्हणून कोणी वही फाडीत नाही. नोंदीमागून नोंद तपासतो. येथेही तोच विवेक उपयोगी पडतो.